पौडच्या खोलीची मागची भिंत

पौडला आम्ही राहायचो ती खोली ह्यांनी पसंत केली होती. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी ह्यांची बदली तिथल्या तहसील कचेरीत झाली. मी नर्स होते; खटपट करून मलाही त्यांनी तिथल्याच सरकारी दवाखान्यात आणवलं. बरोबर सासूबाई. मूलबाळ नव्हतं. तिघांना एक लांबट खोली, मागच्या भिंतीशी स्वयंपाक, एवढं पुष्कळ होतं.

ओळीत तीन खोल्या होत्या. पहिलीत मालकाचं जुनं सामान कुलूप लावून ठेवलेलं. मधलीत शाळेतले एक गुरुजी, बायको-मुलींसह. शेवटची, ओढ्याच्या अंगाची, आमची. छप्पर सागाच्या खांबांवर तोललेलं, वर कौलं. भिंती खांबांच्या मधे भरलेल्या. पुढची पक्क्या विटांची, मागची मातीची. कौलांवरून येणारं पाणी वाहून न्यायला मागच्या वळचणीला पत्र्याची पन्हळ होती, ती गंजून मधेच तुटली होती. मुळशीचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे आषाढात पाणी वरून पडत नाही, ते नुसतं असतं. ते सगळं त्या तुटक्या पन्हळीतून नेमकं भिंतीच्या पायाशी पडायचं. पहिल्याच पावसाळ्यात भिंत खालून काळी झाली.

मालक पुण्यात राहायचे. आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांच्या वतीनं सगळं बघणारा गृहस्थ गावातच होता. एसटी स्टँडजवळ त्याचं सायकलचं दुकान. बदलून आलेल्या नोकरदारांना तो खोल्या मिळवून द्यायचा आणि बाहेरगावच्या मालकांची भाडी गोळा करायचा. गाव त्याला कारभारी म्हणायचं. ह्यांनी त्याला पन्हळीचं सांगितलं. तो म्हणाला, "पाऊस उघडला की लगीच करू सायेब." पाऊस उघडला, पन्हळ तशीच राहिली. त्याच कार्तिकात हे गेले. कावीळ झाली होती. ससूनला नेईपर्यंत पोटात पाणी धरलं होतं.

त्यानंतरचं मला सगळं आठवतं. काही विसरले नाही. पंधरवड्यानं मी कामावर गेले, इंजेक्शनं दिली, बाळंतपणं केली, वाड्यावस्त्यांवर फिरले. लोक म्हणायचे, बाई घट्ट आहे. घट्टबिट्ट काही नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो. तो जमिनीला टेकतो, चालतोही, फक्त आपल्याला कळत नाही. तसं होतं ते. सासूबाईही रडायच्या थांबल्या होत्या. दोघी समोरासमोर बसून जेवायचो. भाजीत मीठ नसलं तर दोघींपैकी कुणीच बोलायचं नाही.

भिंत मात्र बोलायला लागली होती. उन्हाळ्यात वाळली तेव्हा तिला खालून वरपर्यंत भेग पडली. सासूबाईंनी त्यात शेणमाती लिंपली. लिंपण सुकलं, पडलं, भेग आणखी रुंद दिसायला लागली.

मी कारभाऱ्याच्या दुकानावर गेले. तो उलट्या ठेवलेल्या सायकलच्या चाकातली तार कसत होता.

"पावसाच्या आत भिंतीचं बघा," मी म्हटलं. "निदान पन्हळ तरी."

"मालकास्नी कळवलंय बाई."

"काय म्हणाले?"

"सध्या लई अडचणीत हायेत. पोरीचं लगीन हाय घरात." त्यानं चाक फिरवून बघितलं. "तुमी असं करा ना, दुसरी खोली बगा. मी बगून दिऊ का? दवाखान्याच्या जवळ हाय एक."

मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सामान बांधायचं, म्हणजे कपाट उघडायचं. कपाटात ह्यांचे कपडे होते.

मे महिन्यात कौलं चाळायला माणसं येतात. फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची. गावातली सगळी घरं चाळून झाली. आमच्या ओळीकडे कुणी फिरकलं नाही. मी पुन्हा गेले. या वेळी मालक आजारी होते. त्यानंतर गेले तेव्हा काशीला गेले होते. मी ऐकून घ्यायचे आणि परत यायचे. मला राग येत नव्हता. वाटेत कधी तरी वाटायचं की इथं राग यायला हवा होता, पण तेही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं.

राग गुरुजींना यायचा. गुरुजी साताऱ्याकडचे, बौद्ध. आवाज कधी चढवत नसत. रागावले की उलट जास्तच शुद्ध बोलायला लागत. ती खोली मिळण्याआधी त्यांनी आणि वहिनींनी गावात किती दारं पाहिली होती ते वहिनींनी मला एकदा भाकऱ्या थापता थापता सांगितलं होतं. दारात उभं करून लोक आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग म्हणायचे खोली कालच गेली. कारभाऱ्यानं ही दिली, कारण ती दुसऱ्या कुणी घेतली नसती. त्यांच्याकडेही गळायचं. मुलींची पुस्तकं त्यांनी वाशाला टोपलीत टांगून ठेवली होती.

गुरुजी एका संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी बसले. म्हणाले, "ताई, हा माणूस आळशी नाही. तुम्हाला वाटतं विसरतो. विसरत नाही तो. सायकलचा एक छर्रा हरवला तरी दुकान झाडून काढतो."

"मग?"

"त्याला आपण जायला हवं आहे. रस्त्याकडेची जागा आहे, दुकानं काढता येतील. आपल्याला जा म्हणता येत नाही, आपण भाडं वेळेवर देतो. म्हणून तो काही करत नाही. तो गप्प बसून आहे. काम पाऊस करणार आहे."

सासूबाई आतून म्हणाल्या, "पावसाला काय भाडं देतोय व्हय त्यो?"

गुरुजींनी मालकाला लेखी कळवायचं ठरवलं. भिंत पडायला आली आहे, पन्हळ तुटली आहे, अमुक मुदतीत दुरुस्त न केल्यास आम्ही करून घेऊ आणि खर्च भाड्यातून वळता करू. दोघांनी सह्या करायच्या. मालकाचा पत्ता कारभारी देईना, तेव्हा पत्र त्याच्याच हातात दिलं आणि पोच मागितली. त्यानं पोच दिली नाही. कागद नुसता वरखाली बघितला आणि माझ्याकडे वळला.

"बाई, ह्यात तुमची सही कशी?"

"मी राहते तिथं."

"राहताय, ते खरं. पर खोली सायबांनी घेतली व्हती. भाडेकरू ते. ते न्हाईत. तुमचं नाव कुटं हाय?" हे तो वाईट आवाजात बोलला नाही. समजुतीच्या आवाजात बोलला. "मी आपलं मानुसकीनं ऱ्हाऊ दिलंय."

भाड्याच्या पावत्या तो अजून ह्यांच्या नावानं फाडत होता. मी बदलून मागितल्या नव्हत्या, त्यानं बदलल्या नव्हत्या. मला वाटायचं, राहू दे. कुठं तरी राहू दे.

गुरुजी म्हणाले, "मग भाडं कुणाकडून घेता?"

"तुमी तुमचं बगा की गुरुजी," कारभारी म्हणाला. "तुमाला तर लई खोल्या मिळत्याल गावात."

पोच न घेताच आम्ही परत आलो. वाटेत गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढून पुसला.

भिंत श्रावणात पडली. दुपारची वेळ. मी दवाखान्यातून ओढ्याकाठच्या पायवाटेनं घरी येत होते. पाऊस थोडा थांबला होता, म्हणून छत्री मिटलेली. पलीकडच्या काठावर आले आणि समोर मला माझं घर आतून दिसलं.

मागची भिंत नव्हती. ओढ्याच्या उतारावर मातीचा ओला ढीग पडला होता, त्यात आमची चूल, फळी, डबे. आणि वर, खांबांच्या चौकटीत, सगळी खोली उघडी. खुंटीवरची माझी पांढरी साडी. देव्हारा. ह्यांचा फोटो, हार घातलेला. खाटेवर सासूबाई बसलेल्या, पाय खाली सोडून, मांडीवर तांदळाचं सूप. त्या माझ्याकडेच बघत होत्या. आम्ही दोघी ओढ्याच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांनी हाक मारली नाही, मीही धावले नाही. माझ्या मनात आलं ते इतकंच, की डबे भरून ठेवले होते आणि आता डाळ भिजणार.

वहिनी धावत आल्या, त्यांनी सासूबाईंना धरलं, पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मी पूल ओलांडला. भिंत बाहेरच्या अंगाला पडली होती. आत पडली असती तर खाट तिच्याखालीच होती. हे सगळ्यांनी मला सांगितलं. मी हो म्हणत होते.

कारभारी तास-दीड तासात आला. एवढ्या लवकर तो कधीच आला नव्हता. बरोबर बैलगाडी होती.

"वाईट झालं," तो म्हणाला. "चला, सामान भरा. मी दवाखान्याजवळची खोली बोललोय. गाडीचं भाडं बी माझ्याकडं."

मी ट्रंक पुढे ओढली. आता खोली नव्हती, म्हणजे जायचं होतं, यात मला काही चूक दिसेना. मी गादी गुंडाळायला घेतली.

सासूबाई म्हणाल्या, "ठेव ती."

त्या खाटेवरून उठल्या नव्हत्या. कारभारी म्हणाला, "म्हातारे, भिंत पडली. आता काय राहिलं हितं?"

"मी हाय की."

"पाऊस आत येतोय."

"येऊ दे."

"उद्या वासं डोक्यात पडलं म्हंजी?"

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांचं माहेर मुळशीच्या धरणाखाली गेलं होतं. त्या तेव्हा लहान होत्या. त्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ऐकलं ते त्याच दिवशी, तेही एवढंच. "एकदा पानी आलं म्हनून उठलो," त्या म्हणाल्या. "बा म्हनला, पानी वसरंल, मग येऊ माघारी. अजून वसरतंय. आता न्हाई उठायची मी. तू गाडी ने माघारी."

गुरुजी शाळेतून आले ते तसेच आमच्या दारात उभे राहिले. मला म्हणाले, "ताई, ती गादी सोडा. तुम्ही आत आहात तोवर खोली आहे. एकदा बाहेर पडलात की त्याला नुसतं कुलूप लावायचं आहे." मी गादी सोडली. ठरवून सोडली असं नाही. कुणीतरी धर म्हटलं की धरत होते, सोड म्हटलं की सोडत होते.

गाडी रिकामी गेली. त्या दिवशी गुरुजींनी शाळेची ताडपत्री आणून खांबांना बांधली. वहिनींनी आमचं जेवण केलं.

ताडपत्रीनं वारा थांबत नव्हता. पाऊस तिच्यावर हात मारल्यासारखा आपटायचा. सासूबाई खोकायला लागल्या. मी त्यांना औषध द्यायचे, कामावर जायचे. एका वस्तीवर एका बाईच्या अंगात ताप होता, तिला बघायला गेले होते. ती धनगराघरची, तिचं गेल्या वर्षीचं बाळंतपण मी केलं होतं, मूल आडवं आलं होतं. तिच्या सासूनं मला विचारलं, "बाई, तुमचं घर पडलं म्हनं?" मी भिंत पडली म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तिचा नवरा आणि दीर कारवीचे भारे डोक्यावर घेऊन ओढ्याच्या वाटेनं उतरले. कारवी डोंगरात उगवते, बोटाएवढ्या जाड सरळ काठ्या. मावळातल्या निम्म्या घरांना तिच्या कुडाच्याच भिंती असतात. त्यांनी खांबांच्या मधे आडवे बांबू बांधले, कारवी उभी विणली. सासूबाईंनी आणि वहिनींनी चिखल तुडवला, त्यात शेण आणि भाताचा कोंडा घातला, दोन्ही बाजूंनी लिंपलं. गुरुजींच्या मुलींनी खालचा भाग लिंपला, त्यांचे हात तेवढेच पोचायचे. नवी पन्हळ गुरुजींनी आणली. या सगळ्यात मी काय केलं ते विचाराल तर चहा केला.

कुड वाळायला फार दिवस लागले. श्रावणात काही वाळत नाही. पण उभा राहिला.

पुण्याच्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं मालकाचा पत्ता मिळाला. गुरुजी आणि मी रविवारी गेलो. मालक निवृत्त, सत्तरीचे, घरी धोतर आणि बंडी. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पोहे दिले. मुलीचं लग्न केव्हाच झालेलं, काशीला ते कधी गेलेच नव्हते.

"अहो, पण तुम्हीच दुरुस्ती करू देत नाही ना?" ते म्हणाले. "मला तर तेच कळवलं होतं. घर मोकळं करून दिल्याशिवाय काम होणार नाही आणि भाडेकरू हलत नाहीत, असं."

गुरुजींनी त्यांना पन्हळीपासून सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मधे एकदा "अरेरे" म्हणाले, तेही मनापासून. शेवटी म्हणाले, "तुम्ही कारभारी म्हणता ते आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान आहेत. मी त्यांना एकदम काही बोलू शकत नाही. तुम्ही समजून घ्या. बघतो मी, काहीतरी करतो."

दार लावून घेताना त्यांनी पुन्हा सांगितलं, बघतो. पायऱ्या उतरताना गुरुजी म्हणाले, "सज्जन माणूस. याचा काही उपयोग नाही."

मालकांनी काहीतरी बोलून दाखवलं असावं, कारण कारभारी मग गप्प बसून राहिला नाही. दिवाळीनंतर, मी दवाखान्यात असताना, त्यानं दोन माणसं पाठवली. छप्पर धोक्याचं आहे म्हणून कौलं उतरवायला सांगितलं होतं. ती वर चढली, आमच्या खोलीवरची कौलं काढायला लागली. सासूबाई खाली खाटेवर. त्या बाहेर आल्या नाहीत. खाटेवर उताण्या झोपल्या आणि वर बघत राहिल्या. जसजशी कौलं निघत गेली तसतसं त्या माणसांना खाली म्हातारी दिसायला लागली, डोळे उघडे ठेवून पडलेली. वहिनींनी हे मला नंतर सांगितलं. एक जण म्हणाला, "आज्जे, बाहेर या, माती पडतीया." सासूबाई म्हणाल्या, "पडू दे. तुमी काढा. माझ्याकडं बगत काढा." थोड्या वेळानं दोघं उतरले. कारभाऱ्याला जाऊन म्हणाले, आमच्याच्यानं व्हायचं न्हाई, दुसरी माणसं बगा.

त्या आठवड्यात आम्ही वकील केला. शिवाजीनगरला कोर्टासमोर एका माडीवर बसायचे. तरुण होते, पान खायचे. मी ह्यांच्या नावाच्या पावत्यांचं सांगितलं, माझं नाव कुठं नाही तेही सांगितलं. ते म्हणाले, "घरभाड्याचा तो मोठा कायदा तुमच्या गावाला लागू आहे का, ते मला शोधावं लागेल. पण तो बाजूला ठेवू. भाडेकरू वारला म्हणून त्याचं घरातलं माणूस उपरं होत नाही, त्याचा हक्क वारसाकडे येतो. मालकानं करायची दुरुस्ती सांगूनही केली नाही तर भाडेकरूनं करावी आणि भाड्यातून वळती करावी. आणि घर पडलं, तर भाडेपट्टा संपला की नाही हे ठरवायचं भाडेकरूनं, मालकानं नाही. तुम्ही संपवलात का?"

मी गुरुजींकडे बघितलं.

"ताई, तुम्हाला विचारतायत."

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं. तुम्हाला कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी बाहेर काढायचं नाही, एवढी मनाई आधी मागू."

इतकं सगळं आमच्या बाजूनं आहे हे ऐकून मला काहीच वाटलं नाही. गुरुजींना वाटलं. खाली उतरल्यावर त्यांनी रसवंतीवर दोन ग्लास उसाचा रस मागवला आणि माझाही संपेपर्यंत उभे राहिले.

मनाई हुकूम तात्पुरता मिळाला. कौलं परत चढली. चढवायला तीच दोन माणसं आली होती. मग तारखा. सकाळच्या गाडीनं जायचं, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. वकील नसायचे, जज्जसाहेब नसायचे, कारभारी नसायचा. मी रजा टाकायचे. वर्ष गेलं आणि दुसरंही सरत आलं. पावसाळे त्या कुडावरून गेले. दर मे महिन्यात सासूबाई तो पुन्हा लिंपायच्या.

शेवटी साक्षी झाल्या. कारभाऱ्याच्या बाजूनं म्हणणं असं, की घर पडलं, तेव्हा ह्या बायका ते सोडून गेल्या होत्या, आणि मागाहून परत घुसून कुड घातला. गादी गुंडाळली होती आणि गाडी दाराशी होती, हे पाहणारी माणसं गावात होती. त्यांतला एक येऊन सांगूनही गेला. मग सासूबाईंना उभं केलं. त्यांनी डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता. चष्मा नव्हता, त्यामुळे समोर कोण बसलंय ते त्यांना नीट दिसत नसावं. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

कारभाऱ्याच्या वकिलानं विचारलं, "भिंत पडली त्या दिवशी तुम्ही घर सोडून गेलात, हे खरं आहे का?"

"भिंत गेली सायेब," सासूबाई म्हणाल्या. "आमी न्हाई गेलो."

"सुनेनं सामान बांधलं होतं."

"तिचा नवरा मेलेला. तिला कुनी म्हनलं आसतं वड्यात बस, तर वड्यात बसली आसती. सामान काय बांधती ती?"

साहेबांनी लिहिता लिहिता वर बघितलं. मी बाकावर बसले होते. माझ्याबद्दल हे असं कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. माझे कान तापले.

निकालापर्यंत गेलं नाही. मालक स्वतः एका तारखेला आले, काठी टेकत, आणि आमच्या वकिलांना म्हणाले, मिटवू. कुडाचा आणि पन्हळीचा खर्च भाड्यात धरायचा. दर उन्हाळ्यात कौलं मालकानं चाळून घ्यायची. भाडं आम्ही त्यांनाच मनिऑर्डरनं पाठवायचं, मधे कुणी नाही. पावती माझ्या नावानं. गुरुजींनाही हेच सगळं. पक्की भिंत बांधायचं त्यांनी कबूल केलं, मुदत मात्र घातली नाही, आणि वकिलांनीही ताणलं नाही. तिथंच, कोर्टाच्या व्हरांड्यात, त्यांनी माझ्या नावाची पहिली पावती लिहून दिली. मी ती वाचली आणि पिशवीत ठेवली.

परत निघताना पौडच्या गाडीला ही गर्दी. मी सासूबाईंना कसंबसं चढवलं आणि खिडकीशी बसवायला गेले, तर जागेवर रुमाल. एक जाडजूड गृहस्थ मागून आला. "उठा, उठा. माझा रुमाल हाय. मी खिडकीतनं टाकलाय."

"त्या म्हाताऱ्या आहेत," मी म्हटलं.

"तर काय झालं? जागा धरलेली हाय मी."

आणि मी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. रुमाल टाकला म्हणून जागा होत नाही, माणूस बसलं की जागा होते, असं काहीतरी. कंडक्टर आला, त्यालाही ओरडले. तुमचं लक्ष कुठं असतं, म्हाताऱ्या माणसांना चढताना बघता येत नाही का. मी त्याचा रुमाल उचलून खिडकीबाहेर फेकला. गुरुजी पुढच्या बाकावरून वळून बघत होते, तोंड उघडं ठेवून. मला रडायचं होतं की अजून ओरडायचं होतं, कळत नव्हतं.

सासूबाईंनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. माझ्याकडे निरखून बघितलं.

"आलीस का गं जाग्यावर?" त्या म्हणाल्या.

तो माणूस खाली उतरून रुमाल शोधत होता. गाडी सुटली. चांदणी चौकाच्या चढापर्यंत मी रडत होते. सासूबाई बाहेर बघत बसल्या होत्या, मधून मधून माझ्या गुडघ्यावर थोपटत होत्या. भूगावच्या पुढं मी त्यांना विचारलं, भूक लागली का. त्या म्हणाल्या, मगासधरनं.

त्या खोलीत आम्ही पुढे बरीच वर्षं काढली. पक्की भिंत मालकांनी बांधली नाही. त्यांच्या मागं त्यांच्या मुलानंही नाही. गुरुजींनी निवृत्तीला आल्यावर साताऱ्याकडे घर बांधलं. सासूबाई त्या खाटेवरच गेल्या, उन्हाळ्यात, कुड लिंपून झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी. त्यांच्या वेळी मी खूप रडले. ह्यांचंही त्यातच रडून घेतलं. वहिनी साताऱ्याहून आल्या, महिनाभर राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "आता तुम्ही एकट्या. दुसरीकडं जाता का?" मी म्हटलं, बघते. आणि राहिले.